अकरा एकोणचाळीसची टेप

साहेब, तुम्ही टेप मधूनच लावलीत.

चौदा वर्षं झाली. तुम्हाला वाटलं असेल, गिरकर गेला आचऱ्याला, आता जाळी शिवत बसेल आणि गप्प मरेल. जाळी शिवतोच आहे. गप्प मात्र बसणार नाही. हे मराठीत लिहितोय, कारण तुम्हाला मराठी येतं. त्या दिवशी त्या खोलीत तुम्हाला ते अचानक येईनासं झालं होतं, एवढंच. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. वळणाचं लिहिता येत नाही. जे झालं ते सरळ लिहितो, तुम्ही वाचा.

रविवार होता. जहाज आदल्या संध्याकाळी सिंगापूरहून सुटलेलं, दिवसभर कुठलं बंदर नव्हतं. किनाऱ्याजवळ कॅसिनो बंद ठेवावा लागतो आणि भर समुद्रात गेल्यावर उघडतो, त्यामुळे अशा दिवशी सकाळी दहालाच टेबलं लावायची. बाहेर लख्ख ऊन. आत खिडकी नाही, घड्याळ नाही, नुसता जाड गालिचा आणि थंडगार हवा. मी तीन नंबरच्या टेबलावर पत्ते वाटायला उभा. छातीवर पाटी, ‘रॉय, इंडिया’. रोहिदास हे नाव गिऱ्हाइकांना जड जातं म्हणून तुम्हीच ते छाटलं होतंत.

“बाळ, हितं बसायचं तर चपला काढायला लागत्यात काय?”

मी मान वर केली. साठीचा माणूस, पांढरा शर्ट, पांढरी विजार, डोक्यावर टूर कंपनीची लाल टोपी. मागे बायको, नऊवारीवर स्वेटर, काखेत कापडी पिशवी.

“नको काका. तसेच बसा.”

“गालिचा बगून इचारलं. आमच्या जावयाच्या घरात असला हाय, त्यावर चालू देत न्हाईत.” ते बसले. “मराठी बोलतोयस म्हंजे आपलाच. कुठला?”

“आचरा. मालवणजवळ.”

“आरं, मालवण गाडीवर दोन वर्षं होतो की मी! दुंडाप्पा शिंत्रे. गडहिंग्लज डेपो. एकतीस वर्षं कंडक्टर.” मग बायकोकडे वळून, “ए, बस हितं. गाडी आपलीच हाय.”

टेबलावर पत्ते पडत असताना इंग्रजीशिवाय बोलायचं नाही, हा नियम. त्या घडीला टेबल रिकामं होतं म्हणून मी बोललो. चार वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता. पुढच्या महिन्यात सुपरवायझर होणार होतो. घरात कमावणारा मी एकटा, आणि आमच्या धंद्यात माणसाकडे एकच गोष्ट असते, स्वच्छ रेकॉर्ड. एका जहाजानं शेरा मारला की दुसरं जहाज दारात उभं करत नाही.

काकांनी खिशातून शंभर डॉलरची नोट काढली आणि माझ्या हातात द्यायला लागले. मी हात मागे घेतला.

“टेबलावर ठेवा काका. हातात घेता येत नाही.”

“का? इटाळ हुतोय?”

“वर कॅमेरा आहे. हातातून हातात काही गेलं की चोरी समजतात. सगळं टेबलावर, पसरून, कॅमेऱ्याला दिसेल असं.”

काकांच्या बायकोला, सुगंधाकाकूंना, ते पटलं नाही. “लक्षुमी अशी टाकायची? हातात द्यावी म्हंत्यात.”

“टाकू दे गं. ह्येंचा पण चेकर हाय वर.” काकांनी वर बघितलं. छतात काळे काचेचे गोळे होते. त्यांनी त्या गोळ्याकडे बघून टोपीला हात लावला, जसा डेपोत साहेबाला लावत असतील. मग नोट कपाळाला लावून टेबलावर सपाट ठेवली.

मी नोटेच्या बदल्यात चिपा, खेळायच्या चकत्या, दिल्या आणि खेळ समजावला. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या आत, पण माझ्यापेक्षा जास्त हवी. चित्रांचे दहा धरायचे. एकवीसच्या वर गेलं की पैसे गेले.

“म्हंजे एकवीस शिटं,” काका म्हणाले. “बाविसावा प्यासिंजर घेतला की केस.”

“बरोबर.”

“आन् तुला?”

“मला सतरा होईपर्यंत घ्यावेच लागतात. माझ्या मनावर काही नाही.”

“डायवर हायस. रस्ता ठरलेला.” ते खूश झाले. “वाट.”

शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा येऊन बसले आणि एक चिनी बाई. मी इंग्रजीवर आलो. काका दहा दहा डॉलर लावत होते. हरत होते, जिंकत होते. पण त्यांची नजर स्वतःच्या पत्त्यांवर कमी आणि मी गोळा करून बाजूला ठेवत होतो त्या पत्त्यांवर जास्त. ओठ हलत होते. हे ओठ मी एसटीत बसून बघितलेले होते. पंचावन्न माणसं, वेगवेगळी तिकिटं, कोण कुठं उतरलं, कोण कुठं चढलं, सगळं पेन न उघडता.

अर्ध्या तासानं ते मोठ्यानं म्हणाले, “बारकं पत्तं लई उतरलं. चित्रं अजून गाडीतच हाईत.”

मी घाबरून, नियम मोडून, हळूच मराठीत म्हणालो, “काका, मोजत असाल तर मनात मोजा.”

“का? मोजायला बंदी हाय?”

बंदी नाही, पण आवडत नाही. मोजता येणारा माणूस कुठल्याच मालकाला आवडत नाही.

एवढ्यात तुम्ही आलात, साहेब. करडा कोट, कॅसिनो मॅनेजरचा बिल्ला. लाल टोपी बघून तुम्ही थांबलात, कारण तसल्या टोप्या वर्षाला हजारोंनी येतात आणि त्यांना बरं वाटलं पाहिजे. “काय काका, कुठले? कोल्हापूरकडचे? वा! मी पुण्याचा.” काकू उठून उभ्या राहिल्या. “साहेब मराठी हाईत!” असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. तुम्ही हसलात, बोललात, गेलात.

काकूंच्या हातात पिशवीतला स्टीलचा डबा उघडाच होता. त्या टेबलाभोवती फिरल्या. भैरोबाचा वार होता, सकाळी केबिनमध्ये आरशासमोर फोटो ठेवून त्यांनी पूजा केलेली. डब्यात बत्तासे. ऑस्ट्रेलियन आजोबांनी एक उचलला, वास घेतला, “शुगर?” विचारलं आणि चघळायला लागले. चिनी बाईनं दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कार केला. काकूंना ते फार आवडलं. “बगा, वळण हाय.” मग हात माझ्यापुढे आला.

“घे बाळ.”

“काकू, मी ड्यूटीवर आहे.”

“देवाला कसली ड्युटी?”

“इथं ठेवा, मग घेतो.”

“कुठं? हितं?” त्यांनी टेबलाकडे बघितलं. ऑस्ट्रेलियनच्या बिअरच्या ग्लासाखालचा ओला गोल होता. त्या गोलावर प्रसाद ठेवायचा, की मी हात पुढे करायचा. माझी आई डोळ्यापुढे उभी राहिली असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं काही झालं नाही. उजवा हात आपोआप पुढे गेला. डावा त्याच्या कोपराला लागला. बत्तासा हातावर पडला, तोंडात गेला, आणि हात केसांवरून मागे फिरला. प्रसाद खाल्ला की हात धोतराला पुसत नाहीत, डोक्यावरून फिरवतात. आचऱ्यात तीन वर्षांचं मूलही तेच करतं.

दोन सेकंद. त्यानंतर मी पुढचा डाव वाटला.

तोवर शंभराचे अडीचशे केलेल्या काकांनी त्या डावाला शंभर लावले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते सहा कॅट पत्ते भरलेल्या पेटीकडे बघत होते. त्यांना सहा आणि पाच आले, अकरा. माझा उघडा पत्ता सहा. त्यांनी आणखी शंभर शेजारी सरकवले, एक बोट वर केलं, एकच पत्ता. राजा. एकवीस. माझ्याकडे सोळा, नियमानं घ्यावाच लागला, राणी आली, मी एकवीसच्या पुढे.

“चित्रं गाडीतच हुती!” काकांनी बायकोच्या पाठीत थाप मारली. “म्हणलं न्हवतं?”

दहा मिनिटांनी माझ्या खांद्यावर हात पडला. टेबल सोडताना डीलरनं दोन्ही हात एकदा टाळी वाजवून कॅमेऱ्यापुढे उलटेपालटे करायचे असतात, काही लपवलं नाही हे दाखवायला. मी केले.

खोली तुम्हाला आठवत असेल. कॅशियरच्या मागे, एक टेबल, एक टीव्ही. कंपनीची ऑडिटर बाई, गोरी, पिकल्या केसांची, तीन दिवसांसाठी जहाजावर आलेली आणि सकाळपासून कॅमेऱ्यांच्या खोलीत बसलेली; काकांचा शंभरचा डाव तिच्याच नजरेत आलेला. सुरक्षा अधिकारी. टूरच्या मॅनेजर मॅडम, हातात मोबाइल. काका-काकू भिंतीला लागून. आणि तुम्ही.

तुम्ही टेप लावलीत. कोपऱ्यात वेळ दिसत होती, ११:४२:१०. टेपला आवाज नव्हता. त्या टीव्हीवर, वरून बघितलं तर, काकूंचा हात माझ्या हातात एक पांढरा गोल पदार्थ देतो. एक डॉलरची चीप तेवढीच असते, आणि पांढरीच. माझी मूठ तोंडाकडे जाते. मग हात डोक्यावरून फिरतो. मग काका दहाचे एकदम शंभर लावतात, त्याचे दोनशे करतात, आणि जिंकतात. चाळीस सेकंद. मी स्वतः ऑडिटर असतो तर स्वतःला पकडलं असतं.

“व्हॉट डिड शी गिव्ह यू?” बाईनं विचारलं.

मी म्हणालो, “स्वीट.”

“आणि डोक्याला हात? ती खूण कसली?” हे तुम्ही विचारलंत. इंग्रजीत. माझ्याकडे न बघता.

काका मॅडमना म्हणाले, “त्येंस्नी सांगा, परसाद हाय.” मग तुमच्याकडे वळले. “साहेब, तुमास्नी ठाऊक हाय की. तुमीच सांगा.”

तुम्ही ऑडिटर बाईला काय सांगितलंत ते माझ्या कानात अजून आहे. हे लोक कुठली तरी गावठी बोली बोलतात, मला नीट कळत नाही.

मॅडमनी भाषांतर केलं. होली शुगर, असं काहीतरी. बाईनं विचारलं, मग त्यानंतरच पैसे दसपट का लावले? मॅडमनी ते काकांना विचारलं, आणि काकांनी खरं सांगितलं. अभिमानानं सांगितलं. “मी मोजत हुतो. एकवीस चित्रं गेल्याली, बारकं पत्तं सत्तरच्या वर. मग लावणार न्हाई तर काय?” मॅडमनी तेही सांगितलं. बाईनं लिहून घेतलं. सुरक्षा अधिकारी हसला.

मग काका उठले. कुणी सांगितलं नव्हतं. शर्टाचा खिसा, विजारीचे दोन खिसे, एकेक करून टेबलावर रिकामे केले. कंगवा, चष्म्याचं घर, केबिनचं कार्ड, सिंगापूरची चार नाणी, चिपा, सगळं ओळीत. खिशाची अस्तरं बाहेर ओढून तशीच ठेवली.

“मोजा,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं गाडीवर. चेकर चढला की मी आदी बॅग म्होरं केली. एक रुपाया कमी न्हाई, एक तिकीट जास्त न्हाई. एक केस न्हाई माझ्यावर. डेपोत इचारा. मोजा.”

कुणीही मोजलं नाही. माझ्या टेबलाची मोजणी तोवर बाहेर झालेली होती. एकही चीप कमी नव्हती. तो कागद तुमच्या हातात होता, साहेब. तुम्ही तो घडी करून कोटात ठेवलात.

मॅडम हळूच म्हणाल्या, “काका, प्लीज, विषय वाढवू नका. बाकीच्या चौतीस जणांची ट्रिप आहे.”

“आन् माझं?”

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाळ, तू सांग की. तू खाल्लास न्हवं?”

तेव्हा तुम्ही मला बाहेर घेऊन गेलात. पॅसेजमध्ये, बर्फाच्या मशीनशेजारी. आणि तिथं तुम्हाला मराठी पुन्हा यायला लागलं.

“रोहिदास,” तुम्ही म्हणालात. चार वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव. “घाबरू नकोस. मला कळतंय सगळं. पण ही बाई कागदाशिवाय जहाज सोडणार नाही. तू एवढंच लिही की तिनं तुझ्या हातात काहीतरी दिलं, तू डोक्याला हात लावलास, आणि त्यानंतर त्यानं पैसे वाढवले. यात खोटं काही आहे?”

“खोटं नाही, पण...”

“मग झालं तर. ते पॅसेंजर आहेत, दोन दिवसांनी घरी जातील. त्यांचं काय जाणार आहे? फार तर त्यांचं कॅसिनोत येणं बंद. तुझं आयुष्य आहे यावर. तुझ्या रेकॉर्डला धक्का लागणार नाही, शब्द देतो.”

मी सही केली. तीन वाक्यं, तिन्ही खरी. प्रसाद हा शब्द त्यात नव्हता. बत्तासा नव्हता. मी सही करताना बर्फाचं मशीन धाडधाड बर्फ टाकत होतं, आणि मला त्या आवाजाचं बरं वाटलं.

आत गेल्यावर तुम्ही कागद मॅडमकडे दिलात. त्यांनी काकांना मराठीत वाचून दाखवला. काकांनी विचारलं, “ह्येची सही हाय?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. तिकीट न काढलेल्या माणसाकडे कंडक्टर बघतो तसं बघितलं, म्हणजे हा असं करेल असं वाटलं नव्हतं, एवढंच. मग खाली बसून त्यांनी खिशाची अस्तरं आत ढकलली. एक अस्तर आत जाईना. काकूंनी ढकललं.

त्यांच्या चिपा ठेवून घेतल्या. बाकीचे दोन दिवस केबिनबाहेर पडायचं नाही. दाराशी गणवेशातला माणूस. जेवण ताटात झाकून. सिंगापूरला सगळं जहाज उतरून झाल्यावर दोघांना शेवटी उतरवलं. चौतीस लाल टोप्या धक्क्यावर बसमध्ये बसून बघत होत्या. मी वरच्या डेकवर होतो. त्या चौतिसांत गडहिंग्लजचेच अकरा होते, त्यातला एक डेपोतला जुना ड्रायव्हर, हे मला नंतर कळलं.

तुमच्या शब्दाचं सांगतो. पुढच्या फेरीनंतर, सतराव्या दिवशी, मला घरी पाठवलं. कारण म्हणून माझाच कागद जोडलेला होता. डीलरनं गिऱ्हाइकाकडून हातात वस्तू घेतल्याचं स्वतः कबूल केलं आहे. खाली माझी सही. मुंबईतल्या एजंटनं तो कागद बघितला आणि खुर्चीतून न उठता म्हणाला, “तू स्वतः लिहून दिलंस, मी काय करू?” आणखी तीन एजंट झाले. मग आचरा.

तीन वर्षांनी मी गडहिंग्लजला गेलो. डेपोत विचारलं, शिंत्रे कंडक्टर कुठं राहतात? कंट्रोल रूमच्या बाकावर चार म्हातारे बसलेले. एक हसला. “कोण, जहाजवाला? चोरीत सापडला त्यो?” दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं, पण तोही हसत होता.

पत्ता मिळाला. काकूंनी दार उघडलं. ओळखायला वेळ लागला त्यांना, मग ओळखलं आणि बाजूला झाल्या. आत या म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी आत जाऊन खुर्चीत बसलो. काका पलीकडच्या खोलीत कॉटवर. मधलं दार उघडं होतं. मी जे सांगितलं ते त्यांनी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

“ते रोज सकाळी स्टँडावर जायचे,” काकू म्हणाल्या. “रिटायर झाल्यावर पण. गाड्या बगायला, चार माणसांत बसायला. आल्यापासनं गेले न्हाईत. जावयानं पण इचारलं, मामा, नक्की काय केलंत म्हणून. लेकीच्या घरात बसून इचारलं.”

मी म्हणालो, “काका, मी लिहून देतो. काय झालं ते सगळं. सही करून. डेपोत लावा, जावयाला दाखवा.”

तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. भिंतीकडेच.

“तुझी सही एकदा बगितली मी.”

मी उठायला लागलो, तसे ते म्हणाले,

“त्या साहेबाची आण. त्येनं पण खाल्ला हुता.”

आता ऐका, साहेब. वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली. तुम्ही आलात, हसलात, बोललात, गेलात, असं लिहिलं. काकूंच्या हातातला डबा उघडाच होता असं लिहिलं, पण तो कुणासाठी उघडला होता ते लिहिलं नाही. तुम्ही त्या खोलीत जसं गाळलंत तसंच मीही गाळून बघितलं, किती सोपं असतं ते कळावं म्हणून. फार सोपं असतं.

डबा तुमच्यासाठी उघडला होता. साहेब मराठी हाईत म्हणून पहिला बत्तासा तुम्हाला. माझ्या डोळ्यांदेखत, टेबलाच्या पलीकडे, त्याच कॅमेऱ्याखाली. तुम्ही “वा काकू!” म्हणालात, उजवा हात पुढे केलात, डावा कोपराला लावलात, तोंडात टाकलात आणि हात केसांवरून मागे फिरवलात. तेल लावून बसवलेला भांग होता तुमचा, तो विस्कटू नये म्हणून जरा हलकेच. म्हणूनच मी घेतला. मॅनेजरनं घेतला तर डीलरला काय भीती, असं वाटलं मला. तेव्हा टेपवर अकरा एकोणचाळीस झालेले असणार. तुम्ही टेप लावलीत अकरा बेचाळीसपासून.

प्रसाद म्हणून मान्य केलं असतं तर तो आणखी कुणाकुणाला वाटला हे बघायला बाईनं मागची तीन मिनिटं बघितली असती. त्यात तुम्ही होतात. म्हणून तो प्रसाद नव्हता. म्हणून खूण होती. म्हणून एकतीस वर्षं एक केस नसलेला माणूस चोर होता.

आणि मला हे तिथंच, त्या खोलीत ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, तू सांग की, तेव्हा जिभेवर होतं. तुमच्याकडे बोट दाखवायचं होतं फक्त. मी बोट पेनाला लावलं. माझा गुन्हा मला मान्य आहे. मी लिहून दिलेलंच आहे, सवय आहे मला.

निघताना काकू आतून डबा घेऊन आल्या. तोच. रविवार होता, मी ठरवून आलो नव्हतो. त्यांनी बत्तासा पुढे केला. माझा हात वर येईना. खरंच येईना, साहेब. मी म्हणालो, “टेबलावर ठेवा, काकू.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बत्तासा परत डब्यात टाकला. झाकण लावलं.

त्यानंतर मी कंपनीला सात पत्रं पाठवली. टेपा नव्वद दिवसांनी पुसतात, असं एका ओळीचं उत्तर आलं. तुम्ही आता जमिनीवरच्या मोठ्या हॉटेलात आहात, तिथल्या पत्त्यावर चार पाठवली. त्यांचं उत्तर नाही. दुंडाप्पा शिंत्रे गेल्या भाद्रपदात वारले. स्टँडवर एकदाही न जाता. मी तिरडीमागे होतो, डेपोतले दोघंच आले होते. काकू आहेत. मला ओवाळत नाहीत, शिव्याही देत नाहीत. भेटलो की एकच विचारतात, “आली काय त्येची सही?”

टेप पुसली असेल. तुमचा हात तुमच्याजवळ आहे ना?

तर मग उत्तर द्या. मोठं नको, खुलासा नको, इंग्रजी तर नकोच. त्या रविवारी अकरा एकोणचाळीसला, तीन नंबरच्या टेबलापाशी, सुगंधा शिंत्रे यांच्या हातचा प्रसाद तुम्ही खाल्लात की नाही? हो किंवा नाही. खाली पूर्ण नाव, आणि सही.